कांद्याला कुलूप, कापसाला मोकळं रान

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावला आणि तेव्हापासून चहाच्या टपरीपासून न्यूज चॅनेलपर्यंत सगळीकडे एकच भांडण चालू आहे, जागतिक व्यापार आपल्यासारख्या देशांना तारतो की मारतो. एका गटाचं म्हणणं, बघा, आम्ही सांगत होतो ना, परक्याच्या बाजारावर विसंबायचंच नाही, स्वदेशी वापरा, अमेरिकन कोला सोडा, विषय संपला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, अहो चूक आपलीच, आपणच वाट्टेल तशा जकाती लावतो, सगळं खुलं करून टाका, तो व्हिएतनाम बघा कुठल्या कुठे गेला. दोघंही तावातावाने बोलतात. आणि त्याच महिन्यात, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी माफ केली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत, यवतमाळ-अकोल्यात कापूस शेतात उभा असताना. या सगळ्या गदारोळात ही बातमी एखाद्या ओळीपुरती येऊन गेली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जागतिक व्यापार भारतासारख्या देशाला हवाच, जगाकडे पाठ फिरवून एखादा मोठा गरीब देश वर आल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही. पण जकात १० टक्के की ३० टक्के हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. नियम कधी बदलणार हे आधी कळतं का, आणि बदलला की त्याचा खर्च दर वेळी त्याच त्याच माणसाच्या अंगावर पडतो का, खरं सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. आपल्याकडे काय होतं, तर भाव चढले की शेतकऱ्याला बाहेर विकायला बंदी, आणि बाहेरचा माल स्वस्त झाला की तो आत यायला मोकळीक. म्हणजे जगाची मंदी त्याने सोसायची आणि तेजी आली की ती त्याच्या दारापर्यंत पोचूच द्यायची नाही. याला खुला व्यापार तरी कसं म्हणायचं आणि स्वदेशी तरी कसं म्हणायचं?

आता खुल्या व्यापारवाल्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करू. ज्यांनी १९९१ च्या आधीचा काळ बघितला नाही त्यांना बंद अर्थव्यवस्थेबद्दल जरा जास्तच प्रेम असतं. स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची, फोनचं तेच, गॅसचं तेच. काही वस्तूंवरची जकात ३०० टक्क्यांच्या वर होती. एवढं संरक्षण देऊन आपले कारखाने जगात भारी ठरले का? बहुतेक नाही ठरले, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच नाही म्हटल्यावर माल सुधारायची घाई कोणाला असणार. आणि शेवटी १९९१ मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकायला लागलं. स्वावलंबनाच्या नावाखाली चाळीस वर्षं काढून आपण सोनं गहाण टाकायला उभे राहिलो, हे स्वदेशीचे पोस्ट टाकणाऱ्यांनी एकदा आठवून बघावं.

यात बजाजचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९९३ मध्ये राहुल बजाज आणि आणखी काही मोठे उद्योगपती एकत्र येऊन म्हणाले की परदेशी कंपन्यांना असं एकदम आत सोडू नका, आधी आम्हाला बरोबरीने लढता येईल असं मैदान द्या. पेपरवाल्यांनी त्यांना 'बॉम्बे क्लब' असं नाव ठेवलं आणि पुष्कळ टिंगल झाली. पुढे काय झालं? चेतकची वेटिंग लिस्ट लावून बसणारी कंपनी मोटारसायकलकडे वळली, चाकणला नवा कारखाना उभा राहिला, आणि आज नायजेरिया, युगांडा, केनियातल्या बाईक-टॅक्सीवाल्यांच्या बुडाखाली बजाजची बॉक्सर असते. खुल्या व्यापारवाले म्हणतील, बघा, स्पर्धा आली म्हणून सुधारले. स्वदेशीवाले म्हणतील, तीस वर्षं संरक्षण मिळालं, कारागीर तयार झाले, पुण्याच्या आसपास पार्ट बनवणाऱ्या छोट्या शॉप उभ्या राहिल्या, म्हणून स्पर्धेत टिकले. दोघंही अर्धे बरोबर आहेत. आणि जे टिकले नाहीत त्यांचं नाव दोघंही घेत नाहीत.

कोरियाचंही तसंच. कोरिया म्हटलं की दोन्ही पार्ट्या टाळ्या वाजवतात. १९६४ मध्ये त्यांची निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलर झाली, म्हणजे तेरा वर्षांत शंभर पट. पण हे दार सताड उघडं टाकून झालेलं नाही, जपानी गाड्या त्यांनी १९९९ पर्यंत देशात येऊ दिल्या नव्हत्या. आणि दार बंद करूनही झालेलं नाही, कारण ज्या कंपनीला संरक्षण आणि स्वस्त कर्ज दिलं तिला निर्यातीचं टार्गेट दिलं जायचं, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दर महिन्याला निर्यातीची बैठक घेऊन बसायचे. शिवाय त्याच्या आधीच, १९५० च्या सुमाराला, जमिनीचं वाटप झालेलं होतं, त्यामुळे खेड्यातला माणूस अगदीच उघड्यावर नव्हता. आपल्याकडे संरक्षण दिलं ते मात्र कोणी हिशोब मागितल्याशिवाय. (आणि पार्क हुकूमशहा होते हेही लक्षात ठेवा, कोरियाचं कौतुक करताना ते आपण सोयीने विसरतो.)

व्हिएतनामचा आकडा मात्र खरंच टोचतो. दहा कोटींचा देश, २०२४ मध्ये मालाची निर्यात साधारण ४०० अब्ज डॉलर. आपण १४० कोटी, २०२३-२४ मध्ये आपली मालाची निर्यात ४३७ अब्ज. त्यांच्या निर्यातीतला ७० टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा परदेशी कंपन्यांचा आहे, सॅमसंग उद्या उठून गेली तर काय, हा प्रश्न आहेच. पण मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की १९८६ मध्ये त्यांनी दिशा ठरवली, २००१ मध्ये अमेरिकेबरोबरचा करार लागू झाला, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले, आणि या सगळ्या काळात दिशा एकच राहिली. तिथे कारखाना टाकणाऱ्याला पुढच्या मंगळवारी काय नियम असेल याची धास्ती नाही. आपल्याकडे ही धास्ती हा धंद्याचाच एक भाग झालाय.

आता दुसऱ्या बाजूचं बरोबर काय. जागतिक व्यापार म्हणजे सगळ्यांचं भलं, असं जे शिकवलं जातं ते ऐकून आपल्या पणजोबांना हसू आलं असतं. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तेवढाच कर बसवला, का, तर लँकेशायरच्या गिरण्यांना त्रास नको. आपल्याच देशात आपल्याच कापडावर कर, आणि नाव काय तर फ्री ट्रेड! टिळकांनी तेव्हा बहिष्काराची हाक दिली ती उगाच नाही. त्याच्या चार वर्षं आधी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये भाषण करून सांगितलं होतं की इंग्रजांचं अर्थशास्त्र म्हणजे काही सगळ्या देशांना सगळ्या काळात लागू पडणारा निसर्गनियम नव्हे, ज्या देशात उद्योग अजून उभे राहायचेत तिथे सरकारला हात द्यावाच लागेल. आणि हे सांगणारे रानडे काही जगाशी फटकून राहा म्हणणारे नव्हते. आजच्या टीव्हीवरच्या वादात एवढा साधा तोल तरी दिसतो का?

जुनं नको असेल तर पिंपरीचं घ्या. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा, नव्या स्वतंत्र देशाने स्वतःचं पेनिसिलिन बनवायला काढलेला. ९० च्या दशकात जकाती उतरल्या, चीनचं पेनिसिलिन इतक्या कमी भावात यायला लागलं की इथे ते बनवणं एकेकाने बंद केलं. औषध स्वस्त झालं, पेशंटचा फायदा झाला, हे खरंच आहे. पण आज औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण ७० टक्क्यांच्या आसपास चीनवर अवलंबून आहोत, आणि पेनिसिलिन पुन्हा देशात बनायला लागावं म्हणून सरकारने अनुदान देऊन काकीनाड्याला कारखाना उभा करवला, त्याचं उद्घाटन झालं २०२४ मध्ये. तीस वर्षं जे स्वस्तात मिळालं त्याचं बिल आता भरतोय. ते बिल स्वस्त औषधाच्या हिशोबात कोणीच धरलं नव्हतं.

आणि हैती. या छोट्या देशाने १९९५ मध्ये अमेरिकेच्या आणि नाणेनिधीच्या दबावाखाली तांदळावरची जकात जवळजवळ काढूनच टाकली, ३ टक्के ठेवली फक्त. अमेरिकेचा सबसिडीवाला तांदूळ आला, तिथल्या भातशेतीचं कंबरडं मोडलं, शेतकरी राजधानीच्या झोपडपट्टीत गेला. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीसमोर याबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच, पण माफीवर भात पिकत नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंकडे खरे पुरावे आहेत, आणि म्हणूनच हा वाद इतक्या वर्षांत हललेला नाही, जो तो आपल्या सोयीचा देश काढून दुसऱ्याच्या तोंडावर मारतो. पण या सगळ्या उदाहरणांत मला एक धागा दिसतो. जिथे सरकारने दिशा धरून ठेवली आणि ज्याचं नुकसान होणार होतं त्याला काहीतरी आधार दिला तिथे व्यापार पचला. जिथे नफा एकाला आणि धक्का दुसऱ्याला अशी विभागणी झाली तिथे व्यापाराने माणसं उद्ध्वस्त केली. आपल्या मातीत याचा पहिला मोठा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळालाय.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि एकदम सगळ्या जगाला मुंबईच्या कापसाची आठवण झाली. भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घ्यायला लागले, प्रेमचंद रायचंद या नावाला देवासारखा मान. सावकारांनी खेड्यापाड्यात सढळ हाताने कर्ज वाटलं. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा वाहायला लागला आणि मुंबईचा फुगा फुटला, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. पण शहराचं जे झालं ते झालं, दख्खनच्या शेतकऱ्याचं बघा. भाव उतरले, कर्ज तसंच राहिलं, सावकाराने नवं कर्ज द्यायचं थांबवलं, आणि नेमका त्याच काळात सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. पुढे १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला. दख्खनचे दंगे म्हणून हे सगळं शाळेत दोन मार्कांना असतं. त्या शेतकऱ्याला जागतिक बाजाराने बुडवलं का? थोडंफार. पण तेजीचे भाव धरून सारा ठरवणारं आणि मंदीतही तो वाढवणारं सरकार नसतं, तर सुप्याला जाळपोळ झाली असती का, हा खरा प्रश्न आहे.

आता लासलगावला या. २०२३ हे एकच साल घ्या, बाकी काही बघायची गरज नाही. फेब्रुवारीत उशिराच्या खरिपाचा लाल कांदा एवढा आला की भाव पाच-सहाशे रुपये क्विंटलवर, काही ढिगांना तर त्याच्याही खाली, लोकांनी लिलाव बंद पाडले. काढणी, भाडं, तोलाई धरली तर खिशातून पैसे घालायची वेळ. तेव्हा केंद्र सरकार म्हणालं नाही की जगात कांदा विकायला आम्ही काही खास करतो. राज्याने क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. शेतकरी म्हणाला ठीक आहे, बाजार आहे, चढ-उतार असतोच, उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवून ठेवू, पावसाळ्यात भाव मिळेल. पावसाळ्यात भाव मिळायला लागला आणि १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर विकायचंच नाही. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरसकट निर्यातबंदी, नवा लाल कांदा बाजारात यायला लागला त्याच वेळी. काही दिवसांत भाव निम्म्यावर. चांदवडला आग्रा हायवेवर लोक बसले. बंदी मार्चअखेर उठणार होती, ती पुढे ढकलली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला तेवढी परवानगी मिळाली आणि नाशिकमध्ये जो संताप झाला तो झाला. मग ४ मे २०२४ ला बंदी उठवली, २० मे ला नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं हा योगायोग समजा हवं तर. किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क तरीही चालूच होतं. दिंडोरीत केंद्रातल्या विद्यमान राज्यमंत्री पडल्या. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला शेवटी शून्य झालं, तोपर्यंत भाव पुन्हा उतरायला लागले होते.

आणि हे काही एका वर्षाचं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२० च्या मार्चमध्ये उठली, त्याच सप्टेंबरात पुन्हा बंदी, २०२१ च्या १ जानेवारीला उठली. कुठल्याही गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास का ठेवावा? २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा हसत हसत म्हणाल्या होत्या की तुम्ही कांदा बंद केला, मी आमच्या आचाऱ्याला सांगितलंय कांद्याशिवाय स्वयंपाक कर, निदान आधी कळवत तरी जा. हसण्यावारी गेलं ते, पण ढाक्याच्या व्यापाऱ्याने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला, तो पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानकडे बघायला लागला आणि बांगलादेशाने स्वतःचा कांदा वाढवायचं मनावर घेतलं. तुटलेलं गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही, हे बाजार समितीतला हमालसुद्धा सांगेल.

आता यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. शहरातल्या गरिबाचं काय? ज्या घरात महिन्याला बारा-पंधरा हजार येतात तिथे कांदा ८० रुपये किलो झाला की भाजीच बदलते. सरकारने त्याचा विचार करायचा नाही का? करायलाच पाहिजे, आणि जे शेतकरी नेते 'शहरवाले पिझ्झा खातात, कांदा घेताना रडतात' असं म्हणतात त्यांना धारावीतली बाई दिसत नाही असं मला वाटतं. शिवाय सरकारांना भीती आहे ती खोटी नाही, १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवायला हातभार लावला होता. पण प्रश्न हा आहे की त्या बाईला कांदा स्वस्त द्यायचा तर त्याचे पैसे कोणी द्यायचे. सरकारी तिजोरीतून द्या, रेशनवर द्या, नाफेडने कांदा भाव पडलेला असताना पुरेसा घेऊन ठेवावा आणि नंतर गरीब वस्त्यांत सोडावा, खात्यात पैसे टाका, दहा रस्ते आहेत. निर्यातबंदी हा असा रस्ता आहे की ज्यात धारावीतल्या बाईबरोबर मलबार हिलवरच्या माणसालाही स्वस्त कांदा मिळतो आणि दोघांचं बिल चांदवडचा दोन एकरवाला भरतो. यात गरिबांची काळजी कुठे आली?

शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच पस्तीस वर्षं सांगत होते. १९८० च्या कांदा आंदोलनापासून ते म्हणत आले की सरकार शेतकऱ्याला सबसिडी देतं हा भ्रम आहे, बंद्या घालून भाव पाडून त्याच्याकडून काढून घेतलं जातं ते जास्त आहे, उणे सबसिडी आहे ही. डाव्यांनी त्यांना भांडवलदारांचा माणूस म्हटलं, डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार संघटना ज्यातून निघाली त्या मसुद्याला, पाठिंबा दिला म्हणून तर खूपच. मी त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी सहमत नाही, बाजार खुला केला की बाकी आपोआप होईल हा त्यांचा विश्वास मला जरा भाबडाच वाटतो. पण उणे सबसिडीचा मुद्दा पुढे ओईसीडीच्या, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, हिशोबातही तसाच निघाला, २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्क्यांच्या आसपास. अनुदानं, मोफत वीज, सगळं धरून उणे.

आणि तेलबिया बघा, तिथे हेच उलट्या दिशेने. ८० च्या दशकाच्या शेवटी तेलबियांचं मिशन निघालं, ९० च्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होतो. मग पामतेल खुलं झालं, जकात उतरत गेली आणि आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केली, लातूरवाला जरा खूश झाला, तरी सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाला पोचलंच नाही, आणि २०२५ च्या मे अखेरीला, पेरणीच्या तोंडावर, ड्युटी पुन्हा साडेसोळावर. आठ-नऊ महिन्यांत दोनदा. तुम्ही लातूरला तेल गाळायची गिरणी टाकाल का या भरवशावर?

नियम टिकला की काय होतं त्याचंही उदाहरण नाशिकच्याच मातीत आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही कारण त्यात आंदोलन नाही. द्राक्ष. २०१० मध्ये युरोपने आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचा अंश जास्त निघाला म्हणून माल अडवला, कंटेनरच्या कंटेनर बंदरात पडून राहिले, पुष्कळ बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले. युरोपवाले ढोंगी आहेत, नियम ही त्यांची नवी जकात आहे, असं तेव्हा बोललं गेलं आणि त्यात तथ्यही आहे. पण नियम लेखी होता, सगळ्यांना सारखा होता आणि पुढच्या वर्षीही तोच राहणार होता. म्हणून बागायतदार त्याच्याशी जुळवून घेऊ शकला, प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, लॅबचा रिपोर्ट, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी सिस्टीम आणखी घट्ट केली. आज युरोपात जाणाऱ्या भारतीय द्राक्षातला बहुतेक माल नाशिक-सांगलीचा असतो. कडक नियमाला शेतकरी तोंड देतो, लहरी नियमाला कोणीच देऊ शकत नाही. हापूसचंही तसंच झालं, फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून युरोपने बंदी घातली, आपण तपासणी सुधारली, पुढच्या हंगामाआधी बंदी उठली.

'पण श्रीमंत देश तरी कुठे नियम पाळतात?' हाही आक्षेप येतो, आणि ५० टक्के टॅरिफनंतर तो जोरात येतो. नाहीच पाळत. अमेरिका स्वतःच्या कापूस उत्पादकांना इतकी सबसिडी द्यायची की ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली, जिंकली, आणि शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं. माली आणि बुर्किना फासोच्या शेतकऱ्यांनी तीच तक्रार केली होती, त्यांच्याकडे ना वकील होते ना वजन, त्यांना तसं काहीच मिळालं नाही. विदर्भालाही नाही. पण यातली पुढची गोष्ट बघा. ब्राझील केस जिंकून घरी बसला नाही, त्यांनी बियाणं, संशोधन, यंत्रं यांवर पैसा लावला, आज त्यांचं हेक्टरी रुईचं उत्पादन आपल्या चौपटीच्या आसपास आहे आणि आपल्याकडे ड्युटी माफ झाली की आत येणाऱ्या गाठींत ब्राझीलच्याही गाठी असतात. आपला विदर्भातला माणूस गुलाबी बोंडअळीशी भांडतोय, कोरडवाहू जमिनीवर, आणि त्याची लढत याच्याशी लावून दिली आहे.

मग कापसावरची ड्युटी माफ केली ते चुकलं का? गिरण्यांची बाजू तेव्हा अशी होती, की अमेरिकेचा टॅरिफ आमच्या डोक्यावर बसलाय, तिरुपूर-इचलकरंजीत कामगार घरी बसतील, निदान कच्चा माल तरी जगाच्या भावाने मिळू द्या. हे म्हणणं रास्त आहे, माझा त्याला विरोध नाही. गिरणी कामगारही गरीबच आहे. पण संकट अमेरिकेने आणलं, झळ गिरणीला बसली, आणि ती कमी करायला हात कुणाच्या खिशात घातला, तर ज्याचा अमेरिकेशी काही संबंधच नाही त्याच्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० जाहीर झालेला, आणि पहिल्या वेचणीच्या तोंडावर बाजारात बिनड्युटीचा माल. गिरण्यांना व्याजात सूट द्या, कामगारांचा पगार काही महिने सरकारने उचला, तेही जमत नसेल तर ड्युटी माफ करा पण कापूस महामंडळाकडून हमीभावाने खरेदीची आधीच, लेखी आणि गावागावात केंद्रं उघडून सोय करा.

बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून १,१३४ माणसं गेली २०१३ मध्ये, त्यानंतर पुष्कळांनी म्हटलं की बघा, हा तुमचा जागतिक व्यापार. पण तिथल्या कामगार संघटनांनी कपडे बनवणं बंद करा अशी मागणी केली नाही. त्यांनी परदेशी ब्रँडकडून कायद्याने बांधणारा करार लिहून घेतला, इमारती तपासा, दुरुस्त करा, खर्चात तुमचाही वाटा. शिवणकाम करणाऱ्या बायकांना धंदा हवा होता, मरण नको होतं. मला वाटतं या अख्ख्या वादात सगळ्यात शहाणी भूमिका त्या बायकांची होती.

आपल्या शेतकऱ्यासाठी याच धर्तीवर मागायचं म्हटलं तर मागणी फार मोठी नाही. आयात-निर्यातीचा नियम पेरणीच्या आधी जाहीर करा आणि माल विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. लावावाच लागला, युद्ध, दुष्काळ, काहीही कारण असो, तर आदेशाच्या आदल्या दिवशीचा भाव आणि नंतरचा भाव यातला फरक सरकारने भरायचा. यावर अर्थखात्यातला माणूस लगेच म्हणेल, एवढा पैसा आणायचा कुठून? पैसा आत्ताही जातोच आहे साहेब, फक्त तो चांदवडच्या चाळीतून आणि यवतमाळच्या वेचणीतून जातो म्हणून बजेटमध्ये दिसत नाही. तो एकदा बजेटमध्ये लिहून येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी बंदीची फाईल सही करताना तिच्यासमोर एक रक्कम असेल, आणि संसदेत कोणीतरी उठून विचारू शकेल की एवढे हजार कोटी घालून कांदा नक्की किती रुपयांनी स्वस्त झाला.